पक्षी, लॉट आणि ग्रोअर

मराठीच्या तासाला ‘पक्षी’ हा शब्द आला की वर्गातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे आकाश उभे राहत असावे. माझ्या डोळ्यांपुढे वजनकाटा उभा राहतो. आमच्याकडे कोंबडीला कोंबडी कोणी म्हणत नाही. ‘पक्षी किती?’ ‘पाच हजार.’ ‘वजन?’ ‘दोन किलो शंभर.’ अशी आमच्या घरची बोलणी. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे आमच्या कोरडवाहू रानाच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे आणि आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले ते तिच्या जोरावर. त्यामुळे या धंद्याचे शब्द माझ्या कानांवर व्याकरणाच्या आधी पडले.

आजीचे शब्द वेगळे होते. तिच्या दहा-बारा गावरान कोंबड्या. संध्याकाळी त्या खुराड्यात जायच्या, पिल्लांची आई डालग्याखाली डालायची, अंड्यावर यायला झालेली ती तलंग, आणि अंडी द्यायची थांबून फुगून बसली की ती खुडूक. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली अंडी ठेवायची आणि एकवीस दिवस मोजायचे. वर्षाला पन्नास-साठ अंडी मिळाली तरी आजी खूश.

एकवीस दिवस धंद्यातही एकवीसच राहिले, फक्त कोंबडीच्या जागी यंत्र आले. हॅचरीत अंडी १८ दिवस सेटरमध्ये आणि शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये असतात. पांढऱ्या लेगहॉर्न जातीपासून तयार केलेली लेयर, म्हणजे अंड्यांची कोंबडी, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, कारण ती खुडूक बसतच नाही म्हटले तरी चालेल. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातली ती ओढच काढून टाकली आहे. आजीला हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग ती कोंबडी कसली, बाई?” मला उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही.

लेयर आणि ब्रॉयलर ही या धंद्याची दोन घराणी. लेयर अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंड्यावर येते, पिंजऱ्यात वर्षभराहून अधिक काळ अंडी देते आणि मग किलोवर विकली जाते. तिच्या जातीचे नर ना अंडी देतात ना अंगाने भरतात, म्हणून हॅचरीत ते पहिल्याच दिवशी वेगळे काढून मारले जातात. अंड्याचा दर शेकड्यावर बोलतात. १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती तो रोज जाहीर करते. तिच्यामागे डॉ. बी. व्ही. राव यांचा पुढाकार होता. त्यांनीच १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली होती.

आमचे घराणे ब्रॉयलरचे, म्हणजे मांसाचे. यात मला सर्वांत नवल वाटते ते वंशावळीचे. आमच्या शेडवर येणारे एक दिवसाचे पिल्लू हा उतरंडीचा शेवटचा थर. त्याच्या वर पेरेंट, त्याच्या वर ग्रँडपेरेंट आणि सर्वांत वर मोजक्या कंपन्यांच्या ताब्यातल्या शुद्ध वंशाच्या कोंबड्या. आमच्या पक्ष्यांची अंडी उबवून पुढची पिढी काढावी म्हटले तर ती तशी वाढत नाही. संकरित बियाण्यासारखेच हे, दर खेपेला नवे घ्यायचे. आणखी एक गंमत, खरे तर गंमत म्हणवत नाही. भराभर खाऊन भराभर वाढावे म्हणून हा वंश निवडला, तर त्याच्या आईबापांना मात्र मोजूनमापून अर्धपोटी ठेवावे लागते, नाहीतर ते इतके जड होतात की अंडी नीट देत नाहीत.

आता आमची शेड. ती पूर्व-पश्चिम लांब आहे, म्हणजे ऊन आत शिरत नाही. पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा. खाली भाताचे तूस पसरतात. ते घोटीकडच्या भातगिरण्यांतून येते आणि दर पावसाळ्यात महागते. पिल्ले येतात तेव्हा मुठीत मावतील एवढी असतात. पहिला आठवडा ब्रूडिंगचा. पिसे फुटलेली नसतात म्हणून पत्र्याच्या गोल आडोशात शेगडी किंवा बल्ब लावून त्यांना ऊब द्यायची. ऊब बरोबर आहे की नाही हे थर्मामीटर सांगतो, पण आई त्याच्याकडे पाहत नाही. पिल्ले शेगडीजवळ गोळा झाली तर गारठली, दूर पळाली तर भाजली, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. रात्री दोनला ती उठते, बघते, परत येते. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस, पुढे गंबोरोची. खाद्य मक्याचे आणि सोयाबीन पेंडीचे. आधी प्रीस्टार्टर, मग स्टार्टर, मग फिनिशर. चाळीस दिवसांच्या आसपास पक्षी दोन किलोंचा होतो. मग रात्री गाडी येते, पाय धरून पक्षी क्रेटमध्ये भरले जातात. याला लिफ्टिंग म्हणतात. एका खेपेच्या पक्ष्यांना लॉट म्हणतात, आणि मेलेल्यांना ‘मर’.

पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, विक्रीही कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस आणि मेहनत आमची. पाच हजार पक्ष्यांतला एकही आमचा नाही. आम्हाला मिळते ती किलोमागे ठरलेली वाढवणूक. हा करार पद्धतीचा धंदा १९९० नंतर तमिळनाडूच्या कोइमतूर भागात फोफावला आणि मग इकडेही आला.

वाढवणुकीचा दर ठरतो एफसीआरवर. लॉटने एकूण किती किलो खाद्य खाल्ले त्याला विकलेल्या वजनाने भागायचे. एक किलो वजनाला एक किलो सहाशे ग्रॅम खाद्य लागले तर एफसीआर १.६. हा आकडा जितका लहान तितका दर चांगला. गणित साधे दिसते, पण त्यात एक मेख आहे. गेल्या मे महिन्यात अडतिसाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. पंखे बंद, फवारे बंद. गोणपाटे भिजवून जाळ्यांना लावली, गुळाचे पाणी दिले, तरी चोची उघड्या टाकून धापा टाकणारे पक्षी आमच्या समोर आडवे झाले. चारशेच्या वर गेले. दुसऱ्या दिवशीच्या पिल्लाने मान टाकली तर त्याने खाल्लेले मूठभरच असते. अडतिसाव्या दिवसाचा पक्षी मात्र तीन किलोंच्या आसपास खाऊन मरतो. त्याने खाल्लेले खाद्य हिशेबात राहते, त्याचे वजन राहत नाही. एफसीआर चढला, दर उतरला, वर जास्त मरीची कपात. हिशेबाची चिठ्ठी इंग्रजीत होती. मी ती वाचून दाखवली. अण्णा सुपरवायझरला एवढेच म्हणाले, “साहेब, ऊन काय आमच्या खात्यावर मांडायचं?” साहेब अण्णांच्या निम्म्या वयाचा. तो म्हणाला, “काका, फॉर्म्युला वरून येतो.”

तरीही कराराला नुसती नावे ठेवणे मला जमत नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि दर इतका कोसळला की खाद्याचाही खर्च निघेना. स्वतःची पिल्ले घेऊन धंदा करणारा आमचा एक शेजारी त्या वेळी कर्जात गेला तो अजून वर आलेला नाही. आमची पुढची पिल्ले दोन महिने आली नाहीत, मिळकत बंद झाली, पण कर्ज झाले नाही, कारण बुडायला आमचे पक्षीच नव्हते.

करारात अण्णांचा उल्लेख ‘ग्रोअर’ असा आहे. मालक नाही, नोकरही नाही. नोकर म्हणावे तर पगार नाही, सुट्टी नाही. मालक म्हणावे तर माल नाही. अर्थशास्त्राच्या सरांना मी विचारले, तेव्हा जोखीम कोणावर हे आधी बघ, नाव मागून बघ, असे ते म्हणाले. बाजारभावाची जोखीम कंपनीकडे, उन्हाची, विजेची आणि शेडच्या कर्जाची आमच्याकडे, अशी वाटणी मी वहीत लिहिली. शिवाय सुरुवातीला दिलेला सही केलेला कोरा धनादेश कंपनीकडे आहे.

आता कंपनीचे म्हणणे आहे की दुसरी शेड बांधा, आणि ती बंदिस्त, वातानुकूलित. अशा शेडमध्ये उन्हाची मर कमी होते हे खरे. पण तिला लागणारे कर्ज आमच्या रानावर निघेल आणि पिल्ले किती वर्षे टाकू हे करारात कुठेच लिहिलेले नाही. अण्णांचे मन तयार आहे. आई म्हणते, आधी जनरेटर घ्या. मी तीन प्रश्न मराठीत लिहून दिले आहेत. वर्षाला किती लॉट नक्की मिळतील, उष्म्याने झालेली मर एफसीआरमधून वगळणार का, आणि तो धनादेश परत कधी. साहेब गुरुवारी पिल्लांची तारीख द्यायला येणार आहे. कागद अण्णांच्या खिशात आहे.