आडनाव : एस.के.

क्रांती चौकातून मुंबईला जाणाऱ्या खासगी बसगाड्या रात्री सुटतात. २०२३ च्या सप्टेंबरातल्या अशाच एका रात्री मी तिथे उभी होते. महाराजांच्या पुतळ्यावरचे दिवे लागले होते, उड्डाणपुलावरून वाहनांची रीघ चालू होती आणि रस्त्याच्या कडेला एका कुटुंबाचा घोळका उभा होता. नानी, मामू, दोन चाच्या, झोपेला आलेली मुलं. मधोमध दोन मोठ्या बॅगा. त्यातल्या एकीवर मार्करने इंग्रजीत लिहिलेलं, एस.के., आणि पुढे तिचं नाव.

तिची अम्मी मला पाहून पुढे आली. "टीचर, तुम आए ना, अब मेरेकू तसल्ली हुई." मी तिचा हात हातात घेतला, पण माझी नजर बॅगेवरच्या त्या दोन अक्षरांवरून हलत नव्हती. ती अक्षरं माझी होती.

मुलगी माझी विद्यार्थिनी. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. दहावीला तिची वर्गशिक्षिका होते. पुढे तिने बी.एस्सी. केलं आणि आता ती इटलीतल्या पादुआ विद्यापीठात रेण्वीय जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला निघाली होती. तिकडचे लोक त्या गावाला पादोवा म्हणतात. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आडनाव मात्र लिहावंच लागेल, कारण ही गोष्ट त्याचीच आहे. आडनाव शेख.

आपल्या मराठवाड्यात मुस्लिम मुलांची नावं कागदावर कशी येतात, ते वाचकांना सांगायला नको. शेख अमुक शेख तमुक. बापाच्या नावाआधी पुन्हा एकदा शेख. जुन्या रजिस्टरात रकाना अपुरा पडतो, म्हणून मराठीत शे. आणि इंग्रजीत एस.के. सय्यदचं एस.डी. मोहम्मदचं एम.डी. झालं की माणूस न शिकताच डॉक्टर होतो, हा आमच्या स्टाफरूममधला जुना विनोद आहे. मीही त्यावर हसत आले आहे.

२०१७ साली बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. साठाच्या वर मुलं, शेवटची तारीख उद्यावर आलेली, संगणक एक. रजिस्टरात जे होतं ते मी जसंच्या तसं टाकत गेले. ती मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "टीचर, पूरा शेख लिखो ना." मी मान वर न करता म्हटलं, "चलता बेटा, सबका ऐसाच है."

सगळ्यांचं तसंच होतं, हे खरं. पण सगळे इटलीला गेले नाहीत.

दहावीच्या प्रमाणपत्रावरून बारावी, बारावीवरून पदवी, आणि पदवीवरून पासपोर्ट. आडनावाच्या रकान्यात दोन अक्षरं पक्की बसली. व्हिसाच्या वेळी कुणी त्यावर बोट ठेवलं नाही. घरच्यांना पैशाचीच चिंता इतकी होती की, अक्षरांकडे कोण बघणार? अल्पसंख्याक मुलांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून बंद झाली होती. वडिलांचं वेल्डिंगचं छोटं दुकान. अम्मीचे दागिने गेले, दुकानामागचा जागेचा तुकडा गेला. भरवसा होता तो तिकडच्या प्रांतिक सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ती घरच्या उत्पन्नावर मिळते. फी माफ होते, विद्यार्थ्यांच्या खानावळीत जेवण मिळतं आणि वर काही रक्कम हप्त्यांनी येते. ती मिळाली नसती तर सहा महिन्यांत परत.

पहिला फोन तिसऱ्या दिवशी आला. इशाची नमाज झाली होती. तिकडे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे संध्याकाळ. मी विचारलं, पहिली अडचण काय आली? म्हणाली, नळ. नळावर सी लिहिलेलं, तिने कोल्ड समजून वुजूसाठी हात पुढे केले आणि पोळले. इटालियनमध्ये 'काल्दो' म्हणजे गरम. थंडाला 'फ्रेद्दो', म्हणून दुसऱ्या नळावर एफ.

दुसरी गोष्ट तिने आवाज खाली करून सांगितली. पहिल्या रात्री ती सवयीने पश्चिमेकडे तोंड करून नमाजला उभी राहिली. नियत बांधल्यावर लक्षात आलं की, मक्का आता पश्चिमेला राहिलेली नाही. इटलीतून किबला आग्नेयेला येतो. "टीचर, बचपन से एकच दीवार देखी थी. उस दिन सच में लगा, घर से दूर आ गई मैं." यावर मला काही बोलता आलं नाही.

अम्मीची चिंता वेगळी होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "टीचर, वहाँ लोटे का क्या?" आपण अशा गोष्टी लेखात लिहीत नाही; पण परदेशी निघालेल्या मुस्लिम मुलीच्या आईचा पहिला प्रश्न हाच असतो, मग लपवायचं कशाला? इटलीत १९७५ च्या सरकारी नियमाने प्रत्येक घरात धुण्यासाठीचं वेगळं भांडं, बिदे, बसवावंच लागतं. मुलीने हे कळवलं तेव्हा अम्मीला विद्यापीठात प्रवेश मिळाल्याच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला.

खोलीत तिच्यासोबत एक इराणी मुलगी. दोघींचं इंग्रजी तोडकंमोडकं. पण नान, पनीर, दरवाजा, अंगूर, किताब हे शब्द दोघींचे एकच निघाले. सब्जी शब्दावर घोटाळा झाला. इराणी मुलीच्या लेखी सब्जी म्हणजे कोथिंबिरीसारखा हिरवा पाला, आणि ही बटाट्यालाही सब्जी म्हणते. 'उर्दूत शिकून काय मिळणार' हे वाक्य आमच्या शाळेच्या दारात मी इतक्यांदा ऐकलं आहे की, ही बातमी मी दुसऱ्या दिवशी वर्गात मुद्दाम सांगितली.

खरं तर तिचा पहिला परदेश क्रांती चौकाच्या पलीकडे होता. दहावीपर्यंत जुन्या शहरातल्या मोहल्ल्यात उर्दूतून शिकलेली मुलगी अकरावीला जालना रोडकडच्या कॉलेजात गेली, तिथे सगळं इंग्रजीत. आमच्या पुस्तकात पेशीला खलिया म्हणतात आणि प्रकाशसंश्लेषणाला जियाई तालीफ. कॉलेजातल्या मॅडम पहिले दोन आठवडे 'फोटोसिंथेसिस' म्हणत होत्या आणि हिला कळत नव्हतं की, हे आपल्याला येतं. शाळेत येऊन माझ्यासमोर रडली होती. येत असलेली गोष्ट येत नाही असं वाटायला लागणं, हे आपल्या मुलांचं अकरावीतलं मोठं दुखणं आहे. न येणारी गोष्ट शिकता येते. याला औषध काय? पादोवातल्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात तिला एका पुस्तकाच्या पाठीवर 'फोतोसिन्तेझी' दिसलं. त्या दिवशी तिने मला फोटो पाठवला आणि खाली उर्दूत लिहिलं, जियाई तालीफ.

पहिल्या तासाला ती नऊच्या आधीच पोहोचली, तर वर्ग रिकामा. चुकीच्या खोलीत आलो असं समजून दोन मजले हिंडली. तिकडे तास ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं उशिरा सुरू करण्याचा रिवाजच आहे. परीक्षा पुष्कळदा तोंडी, गुण तिसांपैकी, अठराला पास. विद्यापीठ १२२२ सालचं. गॅलिलिओ तिथे १५९२ ते १६१० शिकवत होता. इब्ने सीनाचं 'अल-कानून' लॅटिनमध्ये जाऊन तिथल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी शतकानुशतकं अभ्यासलं. जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी एलेना कोर्नारो पिस्कोपिया या बाईचा पुतळा आहे. तिने १६७८ मध्ये तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवली. मागितली होती धर्मशास्त्राची, ती बिशपने स्त्री म्हणून नाकारली. मुलीने त्या पुतळ्याचा फोटो पाठवला नाही, नुसतं सांगितलं की, "टीचर, मैं उसके पास से रोज गुजरती हूँ."

आता आडनाव.

तिकडे पोहोचल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, तोही पोस्टात जाऊन, त्यावर सोळा युरोचं तिकीट लावून. आणि प्रत्येकाला एक सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक मिळतो. त्याशिवाय खोलीचा करार नाही, बँकेत खातं नाही. तो क्रमांक माणसाच्या नावावरूनच तयार करतात. आडनावातली पहिली तीन व्यंजनं घ्यायची, मग नावातली तीन, मग जन्मवर्ष, महिना, तारीख. बाई असेल तर तारखेत चाळीस मिळवायचे. हिची तारीख नऊ, म्हणून एकोणपन्नास. परदेशात जन्मलेल्यांना गावाच्या जागी देशाचा आकडा, हिंदुस्थानचा झेड २२२. तिच्या पासपोर्टात जन्मस्थळ औरंगाबाद आणि नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं होतं, गावं दोन का? तिने कसंबसं समजावलं की, गाव एकच, नाव २०२३ मध्ये बदललं. क्रमांकात मात्र दोन्ही नावं नव्हती. नुसतं झेड २२२.

शेखची व्यंजनं इंग्रजीत एस, एच, के, एच. पूर्ण आडनाव असतं तर सुरुवात एस-एच-के अशी झाली असती. पण तिच्या आडनावात अक्षरंच दोन. तीन भरत नसतील तर तिकडे शेवटी एक्स घालतात. एस-के-एक्स. ती फोनवर हसत होती. मी हसले नाही.

आणि मग शिष्यवृत्तीचा अर्ज. घरच्या उत्पन्नाचे कागद इटालियनमध्ये भाषांतर करून एका कचेरीत दाखवावे लागतात, तिथे हिशेब करून दाखला देतात. तिथल्या माणसाने दोन कागद शेजारी ठेवले. तहसीलच्या दाखल्यावर वडिलांचं आडनाव शेख, मुलीच्या पासपोर्टावर एस.के. त्याने विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? ती म्हणाली, वडील. तो म्हणाला, असतील, पण कागद तसं म्हणत नाही. मुदतीला तीन आठवडे होते.

त्या रात्री फोनवर तिचा आवाज अकरावीतला होता. मी तिला सांगितलं, ही चूक माझी आहे. ती म्हणाली, "नहीं टीचर, रजिस्टर में वैसाच था." तिला आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्या अब्बूंना घेऊन अदालत रोडला गेले. क्रांती चौकातून चालत काही मिनिटं. शंभर रुपयांचा स्टॅम्प, टायपिंगवाला, वकीलसाहेब. 'एस.के. आणि शेख ही एकाच आडनावाची दोन रूपं असून...' टायपिंगवाल्याला मजकूर तोंडपाठ होता. म्हणाला, "मॅडम, रोज चार-पाच येतात. तुमच्याच शाळांचे." त्याला टोमणा मारायचा नव्हता. अब्बू सही करताना थांबले आणि मला म्हणाले, "हमारे वालिद को तो लिखनाच नहीं आता था. हमारा नाम पटवारी ने लिखा. बेटी का आपने लिखा." त्यांनाही टोमणा मारायचा नव्हता, आणि म्हणून तो जास्त लागला. पुढे मुंबईच्या खेपा झाल्या, परराष्ट्र खात्याचा शिक्का झाला, भाषांतर झालं. कागद मुदतीच्या चार दिवस आधी पोहोचला.

मधल्या दिवसांत तिचा धीर टिकावा म्हणून मी तिला आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी साहेब संचालक असताना, अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी इटलीतून दोन जाणकार बोलावले होते, चेक्कोनी आणि ओर्सिनी. सुटलेले पापुद्रे त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवले, वरून लाखेचं रोगण दिलं. काम मनापासून केलेलं होतं. पण ते रोगण पुढे पिवळं पडलं आणि नंतरच्या लोकांना ते काढत बसावं लागलं. ती म्हणाली, "मतलब उन लोगाँ भी इधर आके परेशान हुए होंगे." मी म्हटलं, झालेच असतील, गरम कुठलं आणि थंड कुठलं ते त्यांनाही कळलं नसेल.

शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं. पहिला हप्ता हाती पडेपर्यंत थंडी सुरू झाली होती. तोवर खानावळीतला पास्ता आणि एका बांगलादेशी दुकानदाराकडची मसूर डाळ यांवर तिने काढलं. त्या बातमीनंतर मी तिला म्हटलं, मी शाळेतून प्रस्ताव पाठवते, बोर्डाकडून दुरुस्ती करून घेऊ, लागलं तर राजपत्रात देऊ, पूर्ण शेख करून टाकू. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अब नक्को टीचर. फिर सब कागजाँ बदलना पडते. यहाँ सब मेरेकू एस.के. के नाम सेच जानते."

या वर्षीही फॉर्म आले आहेत. मी रजिस्टर मिटवून ठेवते आणि एकेका मुलाला फळ्यापाशी बोलावून त्याचं पूर्ण नाव तीन लिपींत लिहायला लावते. वेळ फार जातो. मुख्याध्यापक दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. काल एका मुलाने उर्दूत शेख व्यवस्थित लिहिलं, मराठीतही लिहिलं, आणि इंग्रजीत एस.के. लिहून खडू खाली ठेवला. मी तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.