भोरच्या पुढचं घर

खर्चाची वही माझ्याकडे आहे, म्हणून कॉलेजच्या शिबिराची दैनंदिनीही माझ्याच गळ्यात पडली. ज्या घरात शिबिर झालं, त्या संस्थेचं नाव छापायचं नाही असं आधीच ठरलंय. माणसांची नावंही देत नाही. घरात त्यांना ज्या हाका मारतात, त्याच इथे लिहिते.

सोमवार, रात्र

एसटी, स्वारगेट ते भोर : मुली १२, अर्धं तिकीट, मुलगे १० आणि सर, पूर्ण. एकूण १,५३० रु.
चहा, कापूरहोळ : २७६ रु.
भोरपासून पुढे वडापच्या दोन जीप : १,४०० रु.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पाऊण तास. कापूरहोळला मागचं चाक बसलं, तिथे सव्वा तास. एक वाजता पोचायचं होतं, साडेचार झाले. पाणी हात आखडतील इतकं गार. नेटवर्क फक्त गोठ्यामागच्या आंब्याखाली, तेही एक कांडी.

उद्घाटनाचं भाषण मात्र सरांनी पूर्ण केलं. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे रासेयो, २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी होते. समोर बसलेल्या घरच्या मंडळींनी प्रत्येक आकड्याला टाळ्या वाजवल्या, त्यामुळे सर आणखी लांबले.

घरात एकतीस जण राहतात. सगळे मोठे, धाकटा तेवीसचा, थोरल्या आजी पासष्टच्या. सगळ्यांना बौद्धिक अक्षमता आहे, काहींना जोडीला फिट्स. त्यांच्यासोबत राहणारे आणि स्वयंपाकघरातले मिळून सात. आम्ही तेवीस.

माझी सॅक अजून खांद्यावरून उतरली नव्हती, तोच एका गृहस्थांनी जवळ येऊन विचारलं, "कधी जाणार?" मी म्हटलं, रविवारी. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जेवताना पुन्हा. पाहुण्यांना असं विचारतात का? झोपते आता.

मंगळवार

साडेपाचला घंटा. पाणी गारच. प्रार्थना, व्यायाम, पोहे. पोह्यांत दाणे भरपूर, ही आजची बरी गोष्ट.

श्रमदान म्हणजे ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा आहे. रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, सांधे चुकवून थर रचायचे. मुलांना फोटोसाठी हे फार आवडलं. माझी रवानगी कार्यशाळेत झाली, कारण माझ्या हाताला फोड आलेत. (पहिल्याच दिवशी. होय.)

कार्यशाळा नऊ ते एक. औषधांच्या दुकानांना लागणाऱ्या कागदी पिशव्या करतात. मैद्याची खळ शिजवतात, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, आणि ती बरणी इथे सोबत राहणाऱ्या ताई कुलपात ठेवतात, कारण मोरचूद विषारी. टेबलाची प्रमुख अक्का. अक्का बोलत नाहीत. आमच्या पिशव्या त्या हातात घ्यायच्या, तळाशी बोट घालून ढकलायच्या आणि तळ सुटला की डावीकडच्या टोपलीत टाकायच्या. दुपारपर्यंत डावी टोपली भरली. ताई म्हणाल्या, "शिबिराच्या आठवड्यात माल कमीच निघतो. आम्ही धरूनच चालतो."

हे वाक्य सरांना सांगितलं नाही.

"कधी जाणार?" आज चार वेळा.

बुधवार

रिकाम्या गोण्या १५० : ६०० रु.
सुतळी, दाभण : १२० रु.
औषधं : २१५ रु.

आमच्यातल्या एकीला ताप. वडील गाडी घेऊन आले, घेऊन गेले. पाणी गार. नेटवर्क नाही. बौद्धिक सत्राचे वक्ते आलेच नाहीत, रस्त्यात अडकले म्हणे. आंब्याखाली उभं राहून घरी फोन केला तर आई म्हणते, तुझा आवाज बसलाय. बसलाच आहे. जास्त लिहीत नाही.

गुरुवार

आज नानांविषयी लिहायचं आहे.

नाना म्हणजे "कधी जाणार?" विचारणारे गृहस्थ. वय बावन्न, डाउन सिंड्रोम. दिसतात साठीच्या पुढचे. या मंडळींना म्हातारपण लवकर येतं आणि पुष्कळांना विसरभोळेपणाही लवकर गाठतो, असं ताईंनी सांगितलं. नानांची अजून फक्त पावलं जड झालीत. घरात ताटं मांडायचं काम त्यांचं. गेल्या अठरा वर्षांत त्यात खंड नाही.

सकाळच्या नाश्त्याला नाना चिडले. एका ताटापाशी उभे राहून "कुठंय? कुठंय?" सुरू. वाढप थांबलं. मला वाटलं, झालं, आता काहीतरी होणार. ताई आल्या, भिंतीकडे गेल्या आणि एक मग खाली काढून नानांच्या हातात दिला. नानांनी तो कपाटात ठेवला, ताट उचललं, आणि वाढप सुरू झालं.

मग मी ती भिंत नीट पाहिली. फळीवर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला स्टीलचा मग, मगाच्या कानाला रंगीत दोरा. आमच्या मगांना दोऱ्याऐवजी चिकटपट्टी. नानांना दहाच्या पुढे मोजता येत नाही. ते मोजतच नाहीत. एक मग, एक ताट. दुसरा मग, दुसरं ताट. असं करत एकसष्ट ताटं बिनचूक लागतात. तापानं घरी गेलेल्या मुलीनं "रविवारी" म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तिचा मग भिंतीवरच होता, आणि काल दुपारपासून तिचं ताट रिकामं पडत होतं. नानांच्या हिशोबात एक माणूस बेपत्ता होतं.

तर "कधी जाणार?" यासाठी. मग कधी उतरवायचा ते कळायला हवं. इथे येणारा प्रत्येक जण जातो, हे नानांना पाठ आहे. दिवस तेवढा प्रत्येकाचा वेगळा. आमच्या गटात या प्रश्नावर मंगळवारी रात्री बरीच चर्चा झाली होती. एकाला त्यात एकटेपणाची वेदना दिसली होती, एकीनं त्यावर कविता करायला घेतली होती. ती आज वहीतून फाडली गेली.

जेवणाला भाकरी, कुळथाचं पिठलं, इंद्रायणीचा भात, लसणीची चटणी. भात याच खोऱ्यातला, नुकताच झोडून भरलेला. कॉलेजच्या मेसचा भात आठवला आणि राग आला.

शुक्रवार

एक वडील भेटायला आले होते. साताऱ्याचे, वय एकोणऐंशी, एसटीनंच. हातात कंदी पेढ्यांचा पुडा आणि प्लॅस्टिकची फाइल. मुलगा सेहेचाळीसचा, बागेला पाणी घालतो. त्यानं पुडा घेतला, सगळ्यांना वाटला, वडिलांना शेवटी दिला, आणि पाइप धरायला परत गेला. वडील वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. मी कोथिंबीर निवडत होते, तर ते माझ्याशीच बोलायला लागले.

फाइलमध्ये काय काय असतं ते त्यांनी एकेक करून दाखवलं. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड. निरामय आरोग्य विम्याचे कागद, वर्षाला एक लाखापर्यंत. आणि पालकत्वाचं प्रमाणपत्र. हे काय असतं ते मला माहीत नव्हतं. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्यानं सज्ञान. मग त्याच्या वतीनं बापाची सही आपोआप चालत नाही. त्यासाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक स्तर समिती अर्ज तपासते आणि पालक नेमून देते. यांनी मुलगा अडतिसाचा होईपर्यंत काहीच केलं नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. एका बँकेत पत्नीच्या पश्चात मुलाच्या नावावरची ठेव मोडायला गेले तेव्हा कळलं. आता त्यांच्यानंतर पुतणी पालक व्हावी, म्हणून तिच्याशी बोलून ठेवलंय, तिच्या नवऱ्याशीही.

"नवऱ्याशी बोलणं जास्त महत्त्वाचं," म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय शिकता? वाणिज्य, दुसरं वर्ष. पुढे? बघू. "तुमच्यातलं कुणी इथं नोकरीला राहील का हो? रात्रीला माणूस मिळत नाही यांना. बंधारा गावातली पोरंही घालतील." मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्यांनी मान हलवली. त्यांना हे उत्तर नवं नसावं. जेवले, खुर्चीतच डुलकी काढली, साडेतीनच्या गाडीनं गेले.

जाताना मुलगा पाणी बंद करून फाटकापर्यंत गेला नाही. त्यानं हात केला, इतकंच. वडिलांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या महिन्यात ते येणारच आहेत.

शनिवार

भोरला वडे, मिसळ, चहा, येणं-जाणं : ९४० रु.

घरातले चौघे, आम्ही दोघी आणि ताई. कामं : पासपोर्ट फोटो, नानांना चपला. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण एकाचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं, त्यावरून वाहकाशी वाद. ताईंनी पूर्ण तिकीट काढलं आणि वाद मिटवला. असं दर खेपेला होतं म्हणे.

हॉटेलात वेटरनं मला विचारलं, "यांना काय देऊ?" नाना माझ्यासमोर बसले होते. माझ्याआधी त्यांनीच उत्तर दिलं : "मिसळ. दोन पाव. कांदा नको." वेटरनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मेनूकार्ड वाचत राहिले. शेवटी त्यानं नानांनाच विचारलं, तिखट चालेल का.

राजवाडा बाहेरूनच पाहिला. इथे सिनेमांची शूटिंग होतात, हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. चौघांपैकी कुणालाही त्यात रस नव्हता. चपलांचं दुकान मात्र दोनदा झालं, कारण पहिल्या दुकानातल्या चपला नानांनी घालून पाहिल्या आणि काढून ठेवल्या, काही न बोलता.

रात्री शेकोटी, नाच, सरांचं आभारप्रदर्शन. नेहमीचंच.

रविवार, पुण्यात परत

जीप : १,४०० रु. एसटी : १,४८५ रु.
जमा ११,०००. खर्च ७,९६६. शिल्लक ३,०३४ रु.

नानांनी नाश्ता झाल्याबरोबर आमचे मग उतरवले. आम्ही दुपारचं जेवून निघणार होतो. ते ताईंनी समजावल्यावर सगळे परत टांगावे लागले, आणि नानांनी माझ्याकडे जे पाहिलं ते योग्यच होतं.

बंधारा पूर्ण झालाय, पाणी अडलंय, फोटो आलेत. पण कार्यशाळेचं गणित मला सोडवत नाही. पिशवीचा तळ पक्का बसायला आम्हाला गुरुवार उजाडला, अक्कांनी उजवीकडची टोपली आमच्यापुढे सरकवली ती शुक्रवारी, आणि रविवारी आम्ही निघालो. आता पुढच्या कॉलेजचं शिबिर येईल आणि पुन्हा डावी टोपली भरेल. निवासी शिबिर सात दिवसांचं असतं, पण रासेयोच्या विद्यार्थ्याला नियमित कामाचेही वर्षाला १२० तास भरावे लागतात. ते आम्ही रांगोळ्या, फेऱ्या आणि घोषवाक्यांत भरतो. सहा तासांचा एक रविवार धरला, तर वीस रविवार होतात. तेवीस जणांनी एक आठवडा येण्यापेक्षा तिघा-चौघांनी वीस रविवार येणं या घराच्या जास्त कामाचं आहे. रात्रपाळीचा प्रश्न त्यानं सुटत नाही, पण पिशव्या तरी निघतील.

मुलींचं भाडं अर्धं, वडाप धरून जाऊन-येऊन दीडशे रुपये. शिल्लक रक्कम यासाठी वापरू या म्हटलं तर सर म्हणाले, ती सगळ्यांची आहे, परत वाटा. वाटते. अर्ज वेगळा दिला आहे. ज्यांच्या कॉलेजात हे १२० तास अजून भरायचे आहेत, त्यांनी आपापल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना एवढंच विचारावं : जवळपास असं घर कुठे आहे, आणि रविवारी तिथे माणूस लागतं का.