मायच्या कोंबड्या

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असेच प्रथम मनात आले. परंतु पहाटेची वंदना, पंगतीतला वरणभात, ग्रंथालयाची खिडकी यांविषयी माझे वर्गमित्र आणि मैत्रिणी माझ्याहून चांगले लिहितील. मी वर्षातल्या त्या दोन महिन्यांविषयी लिहिते, ज्या काळात शाळेला कुलूप असे आणि आम्ही आपापल्या गावी असू. माझ्या शिक्षणाचा मोठा भार त्या दोन महिन्यांत, भंडारा जिल्ह्यातल्या एका कवेलूच्या घरात, कोंबड्यांनी पेलला आहे. हे वाक्य मी गमतीने लिहिलेले नाही.

उन्हाळ्यात आमच्या घराचा दिवस उन्हाच्या आधी उठे. कोंबडा पहिली बांग देई तेव्हा अंगणातल्या बाजांवर आम्ही सारे झोपलेलेच असू. माय मात्र उठलेली असे. खुराड्याच्या तोंडावरची फळी ती बाजूला सारी आणि एकेक कोंबडी मान पुढे काढून, क्षणभर थांबून, अंग झाडत बाहेर पडे. त्या अंधूक उजेडात माय त्या मोजून घेई. आकडा अठरा ते पंचवीसच्या दरम्यान असे. तो कमी भरला की रानमांजर, मुंगूस किंवा माणूस यांपैकी कोण, याचा तपास चहाच्या आधी सुरू होई. मायला अक्षरओळख नव्हती. पण कोणत्या कोंबडीने किती अंडी दिली, कोणती खुडूक बसण्याच्या बेतात आहे, कोणते पिल्लू पाय ओढते, हा सारा हिशेब तिला तोंडपाठ असे. पुढे एम.ए.साठी जुन्या दप्तरांतल्या नोंदी वाचताना तिची ती मोजणी मला वारंवार आठवे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचेही दप्तर असते; ते त्यांच्याबरोबर जाते आणि इतिहासकार म्हणतो, पुरावा उपलब्ध नाही.

मोजणी झाली की मूठभर कण्या अंगणात पडत. भाताचा मुलूख असल्याने कण्या आणि कोंडा यांना तोटा नव्हता. पुढे दिवसभर कोंबड्यांनी आपले पोट आपण भरावे, असा घरचा नियम. तो आम्हा मुलांनाही थोडाफार लागू होता.

दहा वाजले की ऊन अंगणात उतरे. पूर्व विदर्भातला मे महिना या स्मरणिकेच्या वाचकांना वर्णून सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरून वाऱ्याची वाट पाहते. त्यामुळे रांजणाखालची ओल ही घरातली सर्वांत मोलाची जागा असे. कोंबड्या पायांनी तिथली माती उकरून खड्डा करीत आणि त्यात पोट टेकवून बसत. आमच्या मनी मांजरीलाही नेमकी तीच जागा हवी असे. मानेवर पिसे नसलेल्या एका भांडखोर कोंबडीने मनीच्या नाकावर एकदा टोच मारली. तेव्हापासून मनी रांजणाच्या पलीकडे, हातभर अंतर राखून, डोळे मिटल्यासारखे करून बसे. दुपारभर हा तह टिके.

आम्हा मुलांकडे वाळवणाची राखण असे. बाजेवर जुने लुगडे अंथरून त्यावर मुगवड्या, कुरडया, कधी लाखोळीची डाळ पसरलेली. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. सुटीसाठी शाळेच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके मी अशीच वाचली. धनंजय कीरांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्रही या राखणीतच वाचून झाले.

मनी आमची, असे आम्ही म्हणत असू एवढेच. पहाटेच ती गावठाणात जाई. तिथल्या एका मोठ्या घराच्या माजघरात तिचा मुक्तसंचार होता आणि परतताना तिच्या मिशांना साय लागलेली असे. त्याच घराच्या खळ्यावर आमच्या आजीने वर्षानुवर्षे धान्य पाखडले होते. उंबरठा तिने कधी ओलांडला नव्हता आणि पाणी प्यायची ती ओंजळीत, वरून ओतलेले. मनी आली की आजी तिला विचारी, "काय वं मने, आज कोनाच्या सयपाकखोलीतून आली?" आम्ही हसत असू. आजीही हसे, पण तिचे हसणे आमच्याइतके लांबत नसे.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे ठरवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडावे लागले. गुरांना त्या तळ्यावर कोणी अडवले नव्हते. ही चार साले मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुले ती पाठ करतात. मला मात्र त्यांच्या शेजारी मनीच्या मिशा दिसतात.

वैशाखात कोंबडी बसवू नये, अंडी उन्हाने नासतात, असे सारेच म्हणत. पण खुडूक झालेली कोंबडी पंचांग पाहत नाही. ती पिसे फुलवून कोपरा धरते, हात नेला की चोच मारते आणि दाण्याकडेही धड पाहत नाही. मग माय आतल्या काळोख्या खोलीत टोपलीत तणस घालून अकरा अंडी मांडी आणि दारावर ओले पोते टांगी. आठव्या रात्री कंदिलाच्या काचेसमोर एकेक अंडे ओंजळीच्या आडोशाने धरून ती पाही. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर अंडे परत टोपलीत. नुसतेच पिवळे दिसले तर बाजूला. एकवीस दिवस ती कोंबडी दाणापाण्यापुरती उठे आणि पुन्हा बसे.

पाली ग्रंथ मी चाळिशीत वाचू लागले. संयुत्त निकायात तथागतांनी दिलेला एक दृष्टान्त वाचताना मी थबकले. आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत. कोंबडी त्यांवर नीट बसली, तिने नीट ऊब दिली, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिने मनात आणली नाही, तरीही ती येतात. न बसता नुसती इच्छा केली, तर येत नाहीत. भिक्खूंच्या साधनेसाठी सांगितलेली ही गोष्ट आहे. परंतु अंड्यांचा तो आकडा वाचून मी प्रथम मायच्या टोपलीशीच पोहोचले. ही उपमा ज्यांच्यासाठी होती, त्यांनी खुराडी जवळून पाहिली होती, हे उघड आहे.

मांजर आणि कोंबडा यांचा हातभर अंतराचा तहही जुनाच. कुक्कुट जातकात मांजरी कोंबड्याला गोड बोलून, लग्नाचे आमिष दाखवून झाडावरून खाली बोलावते आणि कोंबड्याच्या रूपातले बोधिसत्त्व तिला ओळखून नकार देतात. भारहुतच्या स्तूपाच्या वेदिकेवर हा प्रसंग कोरलेला आहे : झाडावर कोंबडा, खाली मांजर. त्याचे छायाचित्र वर्गात दाखवते तेव्हा खेड्यातून आलेली मुले आधी हसतात आणि मग एकमेकांना आपापल्या घरच्या गोष्टी सांगू लागतात. तो तास मी सहसा लवकर आवरत नाही.

आता पैशांविषयी. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते; त्यातली काही उबवायला, काही घरात, उरलेली विकायला. बाबांची मजुरी घरात येई आणि घरातच संपे. कोंबड्यांचा पैसा मात्र मायचा. तो पावडरच्या रिकाम्या डब्यात, तांदळाच्या कणगीमागे राही. माझी ट्रंक, कॅनव्हासचे बूट, वह्या, जूनमधले बसचे तिकीट हे सारे त्या डब्यातून निघे. विकलेली कोंबडी कोठे जाते, हे काही लपलेले नव्हते. वसतिगृहात पंचशील शिकून आलेल्या मी एकदा मायला पहिल्या शीलाविषयी विचारले. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची, त्यांच्या लालनपालनाची आहे, हेही ऐकवले. माय शांतपणे म्हणाली, "तुहा प्रश्न बराबर हाये. पन तिकिटाचे पैसे कोनाकडं मांगू, तेबी सांगून ठेव." वैशाख पौर्णिमेच्या दिवशी मात्र लग्नघरचा माणूस दुप्पट भाव घेऊन आला, तरी ती कोंबडी विकत नसे. या प्रश्नाचे याहून नेटके उत्तर मला अजून सापडलेले नाही.

सातवीची परीक्षा देऊन मी आले, त्या सुटीत शेजारच्या गावात मानमोडी आली. कोंबडी हिरवट-पांढरे हगते, मान पिळवटून उलटी टाकते, गोल गोल फिरते आणि मरते. कुमाऊँमधल्या राणीखेत गावावरून तिला राणीखेत रोग म्हणतात. तो विषाणूचा आजार असून त्यावर औषध नाही. लागण होण्याआधी लस टोचणे हाच उपाय. आठवडी बाजारातून तो कोणत्याही दिवशी आमच्याकडे आला असता. मायचा डबा त्या वर्षी आधीच रिकामा होता, कारण आजोबांचे आजारपण होऊन गेले होते. म्हणजे मी जूनमध्ये शाळेत परतणार की नाही, ते खुराड्यावर ठरणार होते. हे कोणी मला सांगितले नाही. मायच्या पहाटेच्या मोजणीवरून ते मला कळत होते.

मोहल्ल्यातल्या दोन वृद्ध बायांनी मातामायच्या ठाण्यावर कोंबडा द्यावा, असे सुचवले. दीक्षेपूर्वी तशी रीतच होती. आजोबा १९५६ साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन परतले आणि त्यांनी देव्हारा उतरवला, तेव्हाच ती रीत आमच्या घरातून गेली. आजी म्हणाली, "कोंबडा देल्यानं एक कोंबडा कमी होईन, रोग नाही." दुसऱ्या दिवशी दादा शिक्षकांकडून थर्मास मागून घेऊन सायकलने तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला. लस बर्फात ठेवावी लागते आणि मे महिन्याच्या उन्हात चौदा किलोमीटर यायचे होते. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक भले गृहस्थ होते. दिवस मावळल्यावर मी स्वतःच येतो, म्हणाले, आणि आले.

बाटली शंभर कोंबड्यांची होती. एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. मोहल्ल्यातल्या मोठ्या कोंबड्या मोजल्या, तर साठच भरल्या. चाळीस उरत होत्या. माय माझ्याकडे आणि दादाकडे वळून म्हणाली, "गावात सांगून या. त्याईच्या कोंबड्या काय येगळ्या हायेत?"

आम्ही गावठाणात दारोदार जाऊन निरोप दिला. काही दारे लगेच लागली. पण बायका आल्या. डालगी डोक्यावर घेऊन, पोरे पाठीशी, आमच्या अंगणात. त्यातल्या बहुतेक या अंगणात प्रथमच उभ्या होत्या. कोंबडी रात्री आंधळी होते, हा तिचा गुण मिलिंदपञ्हातही नोंदलेला आहे. त्यामुळे कंदिलाच्या उजेडात एकही कोंबडी फडफडली नाही. माय प्रत्येक कोंबडी बाईच्या हातातून आपल्या हातात घेई, पंख उचलून धरी, सुई टोचून झाली की परत देई. मनी ज्या घरचे दूध पीत असे, त्या घरची सूनही रांगेत होती. तिनेही कोंबडी मायच्या हातात दिली आणि घेतली. तेवढ्या वेळात दोघी काय बोलल्या, ते मी ऐकले : ही खुडूक आहे काय, अंडी किती दिवसांआड देते, एवढेच.

आजीने रांजणाजवळ गडवा ठेवला होता. दोघींनी पाणी मागून घेतले आणि प्यायल्या. बाकीच्या तहानलेल्याच घरी गेल्या. मी याला परिवर्तन वगैरे म्हणत नाही. शंभरातले चाळीस डोस वाया जाऊ नयेत म्हणून घडलेली ती गोष्ट होती. पण त्या दोघी कोण होत्या, हे आजीने मरेपर्यंत लक्षात ठेवले आणि दोघींच्याही मयतीला ती गेली.

आमच्या चार कोंबड्या तरीही मेल्या; बहुधा त्यांना आधीच लागण झाली असावी. मनीने त्यांना तोंड लावू नये म्हणून बाबांनी परसात खोल खड्डा करून त्या पुरल्या. आतल्या खोलीतल्या टोपलीत अकरापैकी सात पिल्ले निघाली. लस त्यांच्या वयाला चालत नव्हती, म्हणून महिनाभर ती डालग्याखालून बाहेर पडली नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मायने दोन कोंबडे विकले आणि मला ट्रंकेचे नवे कुलूप आणून दिले.

माय आता ऐंशी ओलांडून गेली आहे. दृष्टी अधू झाल्यामुळे ती कोंबड्या हाताने चाचपून मोजते, पाचच आहेत. होळी झाली की गावठाणातल्या दोन-तीन बायका अजूनही अंगणात येतात आणि लसवाला कधी येणार, म्हणून तिला विचारतात. तारीख माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये असते, हे त्यांना ठाऊक आहे. तरी विचारायचे ते मायलाच. ती आधी त्यांना बाजेवर बसवते, रांजणातले पाणी देते आणि मग त्यांच्या कोंबड्यांची चौकशी सुरू करते.