हुकूमनामा आणि हलगी

शनिवारी गंगापूर रोडला जेहान सर्कलपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मामांची हलगी आठवली. म्हणजे मामांनी वाजवलेली नव्हे... सांगतो.

मामा दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. 2011 च्या हंगामाचे पैसे एका व्यापाऱ्याने बुडवले. कोर्टाची पायरी चढू नये असं मानणाऱ्या मामांनी दावा लावला आणि 2016 मध्ये जिंकले. साडेसहा लाख, वर निकालापासून 6 टक्के व्याज. घरी पेढे वाटले. हातात पैसे? शून्य!

मला वाटायचं, निकाल लागला की पैसे येतात. प्रोग्रॅम चालवला की आउटपुट, तसं. वकीलसाहेब हसले. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला म्हणतात दरखास्त. मुदत 12 वर्षं. आणि देणेकऱ्याची मालमत्ता शोधायची आपणच!

शोधायची गरजच नव्हती. गंगापूर रोडवर त्याचा फ्लॅट, खाली गाडी. मामा दर दिवाळीनंतर तिथे जायचे. तो कधीच "घरी नसायचा". त्याची म्हातारी आई पाणी द्यायची, चहा करायची, मामा परत.

"तिच्या हातचा चहा प्यायलोय रे. तिच्या दारावर जप्ती कुठल्या तोंडाने आणू?"

अशी सहा वर्षं गेली.

शेवटी 2022 मध्ये मी रजा टाकून गेलो. इंडेक्स टू काढला. फ्लॅट त्याच्याच नावावर, बँकेचं कर्ज फिटलेलं. दरखास्त दाखल केली, फ्लॅटवर जप्तीचा हुकूम झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमधल्या रेकॉर्डला लॉक. मालक तोच, राहतोही तोच, पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. विकलाच, तर आपल्या वसुलीपुढे तो व्यवहार टिकत नाही. एक मेख मात्र आहे: जप्ती म्हणजे गहाण नव्हे. बँकेचं आधीचं तारण असतं, तर बँक आमच्या पुढे उभी राहिली असती.

आता हलगी. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. तिच्यात लिहिलंय की जप्तीचा हुकूम मिळकतीपाशी दवंडी पिटून जाहीर करायचा आणि तिथे ठळक जागी चिकटवायचा. बेलीफ खरंच हलगीवाला घेऊन आला! सोसायटीतली पोरं वरात समजून नाचायला लागली. मामा रस्त्यापलीकडे, पाठ फिरवून उभे.

पुढच्या वर्षी त्याने फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाइकाच्या वकिलाला जप्ती कळली आणि सौदा अडला. 2024 मध्ये त्याने सगळी रक्कम कोर्टात भरली. लिलावाची वेळच आली नाही. नुसतं व्याजच 3 लाख 12 हजार.

पैसे मिळाले त्या दिवशी मामांचा पहिला प्रश्न, "आता ती म्हातारी कुठे राहील रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. गंमत बघा, मामा देणेकरी असते तर त्यांचं राहतं घर आणि शेतीची अवजारं जप्त झाली नसती. शेतकऱ्याला ते संरक्षण त्याच कायद्यात आहे. शहरातल्या व्यापाऱ्याच्या फ्लॅटला नाही. त्याला सहा वर्षं वाचवलं ते आईच्या चहाने.

असो. तुमच्याही कपाटात, देवांच्या फोटोमागे असा एखादा हुकूमनामा असेल, तर आज काढा आणि तारीख बघा. बारा वर्षं फार लवकर जातात.