ओटावाचा शनिवारचा ढोल

कॅनडाची राजधानी ओटावा पाहायला गेलेला प्रवासी मे महिन्यात ट्यूलिपचे ताटवे पाहतो, हिवाळ्यात गेला तर गोठलेल्या रिडो कालव्यावर घसरणारी मुले पाहतो, पार्लमेंट हिलवर फोटो काढतो आणि परततो. या टेकडीपासून दक्षिणेकडे निघणाऱ्या बँक स्ट्रीटवर तो फारसा रेंगाळत नाही. रस्ता तसा साधाच आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, खाणावळी आणि बसथांबे. पण पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की ३१७ क्रमांकाचा पत्ता येतो. बॅबिलॉन नाइटक्लबचा हा पत्ता. येथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री जे घडत असे, त्यासाठी ओटावाची ओळख नव्याने करून घ्यायला हवी.

ओटावा वसले आहे ते अल्गोंक्विन लोकांच्या भूमीवर. ही जमीन त्यांनी कोणत्याही कराराने सोडून दिलेली नाही. शहराचे नावही त्यांच्याच भाषाकुलातले. त्याचा संबंध व्यापार, देवघेव या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ज्यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हटले जाई, ते हे लोक. त्यांना हे नाव मुळीच आवडत नाही, आणि का आवडू नये हे पुढे कळेलच.

याच टेकडीवरच्या संसदेने १८८४ मध्ये कायद्यात बदल करून पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींच्या पॉटलॅच या सोहळ्यावर बंदी घातली. १८८५ पासून ती अमलात आली. १८९५ मध्ये बंदीचा विस्तार झाला. १९१४ मध्ये तर पश्चिमेकडील आदिवासींना परवानगीशिवाय आपल्या पारंपरिक पोशाखात वस्तीबाहेर नाचणेही मना झाले. नाचाने सरकारचे काय बिघडत होते? अधिकाऱ्यांचे म्हणणे, लोक शेतीची कामे टाकून नाचत बसतात. खरे कारण वेगळे होते. सोहळ्याला चार गावची माणसे जमत, देणीघेणी होत, नाती जुळत, म्हातारी माणसे मुलांना पूर्वजांची नावे सांगत. जमातीला जमात ठेवणारे जे काही होते, ते ढोलाभोवतीच होते. याच काळात सुमारे दीड लाख मुलांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा तोडली गेली. नाचबंदीची कलमे १९५१ मध्ये कायद्यातून गळली. शाळांबद्दल पंतप्रधानांनी लोकसभेत क्षमा मागितली, ती ११ जून २००८ रोजी.

त्याच सुमारास बँक स्ट्रीटवर ढोल वाजू लागला होता.

२००७ मध्ये ओटावातल्या दोन आदिवासी डीजेंनी एक गट स्थापन केला. एक बेअर विटनेस, कयुगा जमातीचा. दुसरा इयन कॅम्पो, अनिशिनाबे. नाव घेतले ‘अ ट्राइब कॉल्ड रेड’. वेगवेगळ्या समाजांच्या तरुणांसाठी शहरात खास नाचाच्या रात्री होत असत; शिकायला, नोकरीला आलेल्या आदिवासी मुलामुलींसाठी मात्र तसे काही नव्हते. म्हणून ‘इलेक्ट्रिक पाउवाउ’ सुरू झाला.

पाउवाउ म्हणजे आदिवासींचा नाचगाण्याचा मेळा. मधोमध एक मोठा ढोल, त्याच्याभोवती बसलेले अनेक गायक, एकाने वरच्या पट्टीत ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. डीजेंनी अशा गायकसंघांची ध्वनिमुद्रणे घेतली, तुकडे कापले, वेग जुळवला आणि खाली छातीत धडधडणारा इलेक्ट्रॉनिक ठेका भरला. ऐकताना जाणवते की जुन्या ढोलाला नव्या ठेक्याची फार गरज नव्हतीच. तो आधीपासून नाचाचाच होता. मागच्या पडद्यावर बेअर विटनेस हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतले किंचाळणारे, कुऱ्हाडी परजणारे ‘इंडियन’ दाखवी. तीच दृश्ये उलटसुलट जोडून त्यांचे हसे करी.

चित्रांकडे असे पाहणे त्याच्या घरातच होते. त्याचे वडील जेफ थॉमस हे नामांकित छायाचित्रकार. ओटावा नदीवरच्या कड्यावर शांप्लॅन या फ्रेंच प्रवाशाचा पुतळा होता आणि त्याच्या पायाशी गुडघा टेकून बसलेला एक आदिवासी वाटाड्या. थॉमस यांनी या पुतळ्यापाशी आपल्या मुलाची छायाचित्रे काढली. आदिवासी नेत्यांनी १९९६ मध्ये निषेध केला आणि १९९९ मध्ये वाटाड्याची मूर्ती तेथून उचलून जवळच्या मेजर्स हिल पार्कमध्ये नेली गेली. प्रवाशांनी ती अवश्य शोधावी. कड्याला आता अल्गोंक्विन भाषेतले किवेकी पॉइंट हे नाव मिळाले आहे.

क्लबमधली गर्दी वाढली तशी एक पंचाईतही आली. काही गोरे श्रोते डोक्यावर पिसांचा मुकुट आणि तोंडाला रंग फासून नाचायला येऊ लागले. पिसांचा मुकुट हा मानाचा असतो, कमवावा लागतो. गटाने २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की, असे करू नका. प्रेक्षक गमावण्याची भीती होतीच. त्याच वर्षी कॅम्पोने शहराच्या नेपियन भागातल्या मुलांच्या फुटबॉल क्लबविरुद्ध मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. क्लबचे नाव होते ‘रेडस्किन्स’. आपल्या मुलीच्या कानावर हा शब्द पडू नये, एवढेच त्या बापाचे म्हणणे. क्लबने नाव बदलले. आता ती मुले ‘ईगल्स’ म्हणून खेळतात.

२०१४ मध्ये गटाला कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला. पुढे कॅम्पो बाहेर पडला, मोहॉक जमातीचा टूलमॅन आधीच आला होता. २०२१ मध्ये गटाने ‘द हलूसी नेशन’ हे नाव घेतले. ही कल्पना डकोटा कवी जॉन ट्रुडेल यांची. डिसेंबर २०१५ मध्ये ते वारले, पण २०१६ च्या संग्रहात त्यांचा आवाज आहे. नव्या नावाने आलेल्या संग्रहाला ‘वन मोअर सॅटरडे नाइट’ म्हटले, बॅबिलॉनमधल्या त्या शनिवारांची आठवण म्हणून.

पाउवाउ उघड्या मैदानात पाहायचा असेल तर २१ जूनच्या, म्हणजे राष्ट्रीय आदिवासी दिनाच्या सुमारास ओटावाला जावे. नर्तकांचा प्रवेश होताना उभे राहावे. त्यांच्या पोशाखाला सोंग म्हणू नये, हात लावू नये, फोटोआधी विचारावे. सूत्रधार मध्येच ‘इंटरट्रायबल’ अशी हाक देतो. तेव्हा रिंगणात कोणीही उतरू शकतो, साडी नेसलेली बाईसुद्धा. पावले ढोल सांगतो.