परडीतील रंग

माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत रंगज्ञानासाठी रंगीत पट्ट्यांच्या जोड्या लावावयाच्या असतात. ती पेटी महाग. गरिबाच्या मुलाने काय करावे? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीच्या समुद्रकाठी बालवाडी चालविली, तेव्हा पाने, बिया, शिंपले हेच साहित्य झाले. वैनगंगेकाठच्या बालाघाटात आमच्या घरी ते काम पूजेची परडी करते. तांबडे जास्वंद गणपतीस, पांढरी कण्हेर महादेवास, अशी निवड चार वर्षांची नात करते. (सूनबाईंना प्लॅस्टिकचे ठोकळे अधिक पसंत, तो भाग निराळा.) परवा शेंदरी झेंडू पिवळ्यांतही बसेना, तांबड्यांतही बसेना. सांगण्याचा मोह मी आवरला. बऱ्याच वेळाने तिने त्याच्यासाठी निराळी वाटी मागितली.