चेनची फाइल

‘फाइल कुठाय?’ असं आमच्या घरात कुणी ओरडलं, तर कुठली फाइल असं उलट विचारायची पद्धत नाही. फाइली तशा पुष्कळ आहेत. दवाखान्याची आहे, वीजबिलांची आहे, लेकीच्या मार्कशीटांची आहे. पण नुसतं ‘फाइल’ म्हटलं की ती एकच. चॉकलेटी रेक्झिनची, तिन्ही बाजूंनी चेन असलेली, विमा एजंटाने कधी काळी सासऱ्यांना दिवाळीला दिलेली. वर सोनेरी अक्षरांत ‘शुभ दीपावली’ आणि खाली एजंटांचं नाव होतं. आता नुसतं ‘शुभ’ उरलंय.

तिचा मुक्काम सासूबाईंच्या लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी. त्यामुळे आमच्या घरातला महत्त्वाचा कागद डोळे मिटून, वासावरून ओळखता येतो. चेन उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात अडते. तिथे जोर करून उपयोग नाही, जोर केला की ती मागेच जाते. मेणबत्तीचा तुकडा तिच्या दातांवरून दोनदा फिरवायचा, फाइल पोटाशी धरायची आणि दुसरीकडेच बघत असल्यासारखं हळूच ओढायचं. हे जमणारी माणसं घरात दोन. एक सासूबाई आणि दुसरी, लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर, मी.

स्वभावाने फाइल संशयी. तोंडी कारभार तिला मान्य नाही. माणूस समोर जिवंत बसलेला असला तरी बँकेसाठी त्याचा हयातीचा दाखला तिच्याच पोटात असतो. आणि ती कुणाचंही काही विसरत नाही. सासूबाईंना माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. भाऊ गेले, मैत्रिणी गेल्या. फाइलमधला शाळा सोडल्याचा दाखला मात्र त्यांना अजून त्याच नावाने हाक मारतो. लग्नात नाव बदललं. ते बदलल्याचं पुढे कधीतरी शासनाच्या राजपत्रात छापून घेतलं, त्या पानाचा पिवळा तुकडा दाखल्याला टाचून ठेवलेला आहे. जन्मतारीख १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांच्या आईबापांना तारीख सांगता आली नाही, त्या सगळ्यांना १ जून लावून टाकली. सासूबाई जन्मल्या श्रावणात, हे त्यांना माहीत आहे आणि आम्हाला माहीत आहे. फाइल ऐकून घेत नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत, लेकीने मुंबईहून फोन केला. नोकरीला दोन वर्षं झाली होती, हातात पैसे होते. ‘आजीला मे महिन्यात समुद्राला न्यायचं. मॉरिशस.’

‘समुद्राला?’ सासूबाई म्हणाल्या. ‘भाट्याचं पाणी मेलं आटलं काय?’

प्रश्न रास्त होता. आम्ही रत्नागिरीची माणसं, घरापासून भाट्याची खाडी रिक्षेने दहा मिनिटांवर. समुद्र बघायला समुद्र ओलांडून जायचं, आणि तेही विमानाने, हे मलाही जरा अतीच वाटलं. पण लेकीने तिकिटं बघायला सुरुवातही केली होती. शनिवारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली, सासूबाईंनी फाइल आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि त्या संध्याकाळी टेबलाच्या एका टोकाला एक मत आणि दुसऱ्या टोकाला दुसरं, असं चित्र झालं.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. मॉरिशसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाला पैसे आहेत याचा काहीतरी पुरावा आणि निघण्याआधी भरायचा एक ऑनलाइन फॉर्म, बस. सगळं मोबाइलमध्ये. फाइल नुसती बसून होती. मग सासूबाईंनी मेणबत्ती मागवली.

आधी निघाला त्यांचा पासपोर्ट. कोरा करकरीत. २०१५च्या नोव्हेंबरात काढलेला, सासऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीने. पुतण्या दुबईला होता, त्याने बोलावलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांचं दुखणं निघालं आणि दुबई राहिली. छत्तीस पानं, एकावरही शिक्का नाही. मुदत २९ नोव्हेंबर २०२५ला संपणार. लेक १८ मेला परत यायचं म्हणत होती. बरेच देश आणि विमान कंपन्या पासपोर्टला पुढे निदान सहा महिने आयुष्य असावं असं बघतात. मॉरिशस तेवढं ताणत नाही असं लेकीने वाचलं होतं, पण काउंटरवर बसलेल्या माणसाने तेच वाचलेलं असेल याची खात्री काय? सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी जाऊन बोटांवर मोजत उभ्या राहिल्या. सहा महिने आणि अकरा दिवस. फाइल पास झाली.

नंतर ती चावली. लेकीने उत्साहाच्या भरात तिकिटं त्याआधीच, शुक्रवारी रात्री, काढून टाकली होती. स्वस्त होती, परत न मिळणाऱ्या पैशांची. आजीचं नाव तिने मोबाइलमधल्या आधार कार्डाच्या फोटोवरून घातलं होतं. आधारवर नुसतं नाव आणि आडनाव, नावाच्या शेवटी एक ‘ए’. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, खालच्या ओळीत त्यांचं नाव आणि सासऱ्यांचं नाव जोडून, आणि शेवटी डबल ‘ए’. देशातल्या देशात आधार सगळीकडे चालतं. विमानतळाच्या परदेशच्या बाजूला मात्र आधार निराधार होतं, तिथे पासपोर्ट म्हणेल तेच तुमचं नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी चव्वेचाळीस खुणांच्या. मशीन वाचतं त्या ओळी. त्याला ‘अहो, एकच बाई आहे ती’ असं सांगून भागत नाही.

जिथून तिकिटं काढली तिथे मग चार दिवस फोन चालले. एकाने सांगितलं, स्पेलिंगातलं अक्षर दुरुस्त होईल पण मधलं नाव घालता येणार नाही. दुसरीने सांगितलं, मधलं नाव घालता येईल पण ते नवीन तिकीट धरलं जाईल. तिसऱ्याने गाणं ऐकवलं. शेवटी पासपोर्टचा फोटो मेलवर पाठवल्यावर, काही पैसे घेऊन, दुरुस्ती झाली. ते दुरुस्त तिकीट लेकीने माझ्या मोबाइलवर पाठवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘छापून आण.’ मी आणायला गेले. तीन प्रती.

या चार दिवसांत माझं एक मत झालं, ते सांगते. आपल्याकडे माणसाला नावं फार असतात. माहेरचं, सासरचं, हाक मारायचं, दाखल्यावरचं, कारकुनाच्या कानाला ऐकू आलेलं. यातलं कुठलंच खोटं नसतं. पण तिकीट काढायच्या दिवशी या सगळ्यांतलं एकच खरं असतं, आणि ते कुठलं हे घरात एकट्या फाइलला माहीत असतं. तेव्हा आधी कपाट उघडावं, मग लॅपटॉप.

सासूबाईंच्या पासपोर्टखाली सासऱ्यांचाही होता. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. मी तो कपाटात ठेवायला बाजूला काढला. निघायच्या आदल्या रात्री बघते तर तो परत आत, बायकोच्या पासपोर्टच्या खालीच. मी काही बोलले नाही. वजन कितीसं असणार.

बाकीच्या गोष्टींत फाइलने फार त्रास दिला नाही. आंब्यांनी दिला. मे महिन्यात रत्नागिरीहून हापूसशिवाय कुणाच्या दारात जायचं म्हणजे सासूबाईंना ओशाळवाणं वाटतं, मग दार हॉटेलचं का असेना. पण परवान्याशिवाय मॉरिशसमध्ये फळं नेता येत नाहीत. ‘आंब्याला पासपोर्ट नाही, आजी,’ लेक म्हणाली. सासूबाईंनी बांधलेली पेटी डोंबिवलीला नणंदेकडे उतरवली. तिथे आम्ही एक रात्र मुक्कामालाही होतो, कारण कोकण रेल्वेच्या भरवशावर त्याच दिवशीचं विमान गाठायचं धाडस आमच्यात कुणाचंच नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर फाइलला कुणी भीक घातली नाही. पासपोर्ट, बोर्डिंग पास, पुढे चला. अकरा झेरॉक्स, राजपत्राचं पिवळं पान, बँकेचं स्टेटमेंट, हयातीचा दाखला (हो, तोही), कुणी काही मागितलं नाही. सासूबाईंनी ती सहा तास मांडीवर धरली. विमानात घड्याळ दीड तास मागे करायचं म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. परत पुढे करावंच लागणार आहे, तर कशाला?

तिकडे उतरल्यावर काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, हॉटेल कुठलं? लेकीने मोबाइल पुढे केला, त्याने मान डोलावली, शिक्काही उचलला. पण सासूबाईंनी हात वर केला. थांबा. पर्समधून मेणबत्तीचा तुकडा निघाला. मागे रांग, पुढे हातात शिक्का घेतलेला अधिकारी, आणि मध्ये आमच्या सासूबाई फाइल पोटाशी धरून चेनीच्या दातांवरून मेण फिरवतायत. त्यांनी हॉटेलचा छापील कागद काढला, घडी उलगडून दोन्ही हातांनी पुढे केला. त्याने तो खरोखर वाचला, वरपासून खालपर्यंत. मग दोन्ही हातांनीच परत दिला आणि छत्तीस पानांतल्या पहिल्या कोऱ्या पानावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईत आप्रवासी घाट बघितला. यादीत नव्हता, वाटेत होता. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर राबायला गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, याच धक्क्यावर उतरले. पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ची, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून आलेली छत्तीस माणसं. पुढे लाखांनी आले, त्यांत मुंबई बंदरातून चढलेले रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी. त्यांच्या वंशातले लोक तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. धक्क्यावरच्या पायऱ्या अजून आहेत. २००६ साली युनेस्कोने जागा जागतिक वारशात घेतली.

आतल्या माहितीपुढे सासूबाई बराच वेळ थांबल्या. प्रत्येक मजुराला उतरल्यावर एक नंबर. वहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. काहींचं तेच पुढे आडनाव होऊन बसलं. त्या वह्या मोका गावात महात्मा गांधी संस्थेत आजही ठेवलेल्या आहेत. १८६७च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो चिकटवलेला परवाना कायम जवळ बाळगावा लागे. जवळ नसला की पोलीस भटक्या म्हणून धरत, तुरुंगातही टाकत. त्याविरुद्ध १८७१ साली अ‍ॅडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या मळेवाल्याने नऊ हजारांवर मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कुठे विलायतेहून चौकशी आयोग आला. मी हे वाचून दाखवत होते. सासूबाईंनी फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. ‘म्हणजे हरवला की संपलं,’ त्या म्हणाल्या.

त्या फाइल हॉटेलच्या तिजोरीत ठेवत नाहीत ते का, हे त्यानंतर मी विचारलं नाही.

फ्लिक-आं-फ्लाकचा किनारा लांबलचक, पाणी प्रवाळाच्या रांगेच्या आत अडलेलं, त्यामुळे आपल्याकडच्यासारखी लाट नाही. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी वर, जवळपास तितकंच मॉरिशस खाली, म्हणजे आमचा वैशाख वणवा आणि त्यांचा थंडीच्या तोंडावरचा महिना. किनाऱ्याला सुरूची झाडं ओळीने. सासूबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, ‘हे तर भाट्याचंच बन आणून लावलंन.’ आणि सुरूच्या सुयांवर पंचा पसरून बसल्या, मांडीवर फाइल. आम्ही बाकीचे पाण्यात जाऊन आलो. किनाऱ्यावरचा पहिला दिवस असा गेला, दुसराही. फाइल सोबत असली की एक माणूस कायम कोरडं राहतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. ‘अगो, इकडे ये. धर ही.’ मी ओल्या हातांनी कशी धरू म्हटल्यावर त्यांनी ती पंच्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली, वरून दोनदा दाबली, आणि लुगडं पोटरीपर्यंत खोचून पाण्यात गेल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लेक हात धरायला गेली तर तिचा हात झटकला. बराच वेळ उभ्या होत्या, पाठमोऱ्या. मधेच वारा सुटला आणि पंचा उडाला.

नोव्हेंबरात त्यांचा पासपोर्ट संपला. लेकीने नवा काढायला लावला, पंधराशे रुपये, पुन्हा छत्तीस पानी, नावाच्या शेवटी डबल ‘ए’. जुना कोपरे कापून परत मिळाला, तो आणि सासऱ्यांचा एकाच रबरात आहेत. ते आत ठेवायला मी फाइल उघडायला घेतली. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात चेन आता मेणबत्तीलाही ऐकत नाही. तिच्या दातांत वाळू बसली आहे.